बर्फाची घरं, हौसेची देवळं

मी एकतीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी केली. तुर्भ्याला. हेल्पर म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज होऊन बाहेर पडलो. बटाटा, सफरचंद, चिंच, सुकी मिरची, लोणी... ज्याला जेवढा गारवा मानवतो तेवढा त्याला द्यायचा आणि दर दोन तासांनी लॉगबुकात नोंद करायची: वेळ, बाहेरचं तापमान, आतलं तापमान, सही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात छोटा थर्मामीटर असतोच. लंडनच्या भाचीने मे महिन्यात आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा तिला म्हटलं, "राजवाडा आणि मोठं घड्याळ नंतर. आधी मला तिकडची जुनी बर्फघरं दाखव."

या हट्टाचं मूळ मुंबईत आहे. फोर्टात, स्कॉट्स कर्क म्हणतात त्या चर्चजवळ १८४३ साली एक बर्फघर बांधलं होतं. गोल, वर घुमट. त्यात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने आलेला बर्फ ठेवत. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिला बर्फ धाडला. 'टस्कनी' नावाचं ते जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी पोचलं, आणि तरी शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! वीज नाही, कॉम्प्रेसर नाही, नुसता लाकडाचा भुसा. मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी छापून आली, ही गोष्ट तर अजून सांगतात. ते बर्फघर १९२० च्या दशकात पाडलं. मी कितीदा तरी त्या जागेच्या आसपास उभा राहिलोय. एक वीटसुद्धा दिसत नाही. मद्रासचं टिकलंय, पण तिथे विवेकानंद राहून गेले म्हणून टिकलं. निव्वळ बर्फघर म्हणून जपलेलं बर्फघर बघायचं, तर इंग्लंडात जायला हवं होतं.

पहिला दिवस : किंग्ज क्रॉस

स्टेशनापासून चालत दहा-बारा मिनिटं. कालव्याचं पाणी आत शिरून तयार झालेलं एक छोटं बंदर आहे, त्याच्या काठावर विटांची जुनी वखार. आता तिथे लंडन कॅनल म्युझियम आहे. १८६२-६३ च्या सुमारास ही इमारत उभी राहिली ती कार्लो गत्तीच्या बर्फासाठी. गत्ती स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातला, इटालियन बोलणारा. लंडनच्या साध्या माणसाला परवडेल असं आइस्क्रीम विकून तो मोठा झाला, आणि आइस्क्रीमला बर्फ लागतो म्हणून बर्फाचाच व्यापारी झाला. नॉर्वेच्या गोठलेल्या सरोवरांमधून कापलेल्या लाद्या जहाजाने थेम्सवर लाइमहाउसला यायच्या, तिथून होडीत भरून रीजंट्स कालव्याने थेट या वखारीच्या दारात. वरच्या मजल्यावर घोड्यांचा तबेला होता. घोडे वर, बर्फ जमिनीखाली.

आत गेल्यावर जमिनीत एक कठडा आहे. त्यावरून वाकलं की खाली विहीर. बर्फाची विहीर हाच तिचा शब्द आणि तो तंतोतंत खरा आहे: विटांनी बांधून काढलेली, गोल, सुमारे दहा मीटर रुंद. अशा दोन आहेत. आमच्या गावच्या मोटेच्या विहिरीत मी लहानपणी डोकावायचो तेव्हा वर जो गार वास यायचा, तोच इथेही आला. ओल्या विटांचा.

भाचीने विचारलं, "मामा, एवढं मोठं कशाला खणलं? दहा छोटे खड्डे चालले नसते?"

हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बर्फाची लादी फोडून परातीत ठेवा, तासाभरात पाणी. तीच लादी अख्खी गोणपाटात गुंडाळून ठेवा, संध्याकाळपर्यंत पुरते. उष्णता बाहेरच्या अंगाने शिरते. ढीग जितका मोठा तितकं त्याचं बाहेरचं अंग पोटाच्या मानाने कमी. शिवाय बर्फ स्वतःच स्वतःचा राखणदार आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापतं. हजारो किलो बर्फ एकाला एक चिकटून बसला की उन्हाळा त्याला सहज हरवू शकत नाही.

संध्याकाळी रीजंट्स पार्कच्या बाजूने परतताना भाचीने पार्क क्रेसेंटपाशी थांबवलं. इथे रस्त्यालगतच्या जमिनीखाली १७८० च्या दशकातली आणखी एक बर्फविहीर आहे, साडेसात मीटर रुंद आणि साडेनऊ मीटर खोल, अंड्याच्या आकाराची. पुरातत्त्वाच्या लोकांना ती पुन्हा सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. विल्यम लेफ्टविच नावाच्या बर्फव्यापाऱ्याने १८२२ मध्ये हिवाळा उबदार गेला म्हणून नॉर्वेहून ३०० टन बर्फ मागवला, तो याच विहिरीच्या काळातला माणूस. वरून काहीच दिसत नाही. बस जातात, माणसं कुत्री फिरवतात. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. निदान आपण कशावर उभे आहोत हे इथे माहीत तरी होतं.

दुसरा दिवस : हॅम हाउस

कालची बर्फघरं व्यापाऱ्यांची. आजचं खानदानी. इंग्लंडात बर्फ साठवायची टूम राजघराण्यातून सुरू झाली. पहिल्या जेम्स राजाने १६१९ मध्ये ग्रिनिचला हिमाचा खड्डा करवला, दुसऱ्या चार्ल्सने १६६० मध्ये सेंट जेम्स पार्कात. राजाकडे असलं की सरदाराला हवंच. पुढच्या दोनशे वर्षांत मोठ्या घरांच्या आवारात बर्फघर असणं हे दारात हत्ती झुलण्यासारखं झालं.

रिचमंडला उतरून थेम्सच्या काठाकाठाने चालत गेलो. हॅम हाउस १६१० चं, लाल विटांचं, थोडं गंभीर चेहऱ्याचं घर आहे. घरातल्या गालिच्यांची आणि चित्रांची जबाबदारी मी हिच्यावर आणि भाचीवर सोपवली आणि मागच्या बाजूला बर्फघर शोधत गेलो.

लांबून बघाल तर मातीचा उंचवटा. गवत वाढलेलं. आपल्याकडे शेतात कणगी पुरून वर माती लिंपावी तसं. जवळ गेल्यावर विटांची कमान आणि आत काळोख. या बर्फघरांची रचना सगळीकडे थोड्या फरकाने सारखीच असते. जमिनीत खोल खड्डा, खाली निमुळता, विटांनी बांधलेला. वर विटांचा घुमट, त्यावर मातीचा जाड थर. आत जायला बोळ, शक्यतो उत्तरेकडे तोंड केलेला, म्हणजे ऊन थेट पडणार नाही. बोळात एकामागून एक दोन किंवा तीन दारं. एक उघडताना दुसरं बंद. आमच्याकडे याला अँटीरूम म्हणतात आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: दोन्ही दारं एकदम उघडलीस तर बाहेरची सगळी दमट हवा आत येईल आणि गारवा देणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, हिम चढेल. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला हे कळलेलं होतं.

पण खरी अक्कल तळाशी आहे. खड्ड्याच्या बुडाला पाणी जायची वाट ठेवलेली असते. बर्फ वितळणारच, त्याला इलाज नाही. वितळलेलं पाणी साठून राहिलं तर मात्र वरचा बर्फ झपाट्याने जातो, कारण ओला पेंढा गारवा धरत नाही. म्हणून पाणी लगेच बाहेर गेलं पाहिजे, आणि त्याच वाटेने बाहेरची हवा मात्र आत येता कामा नये. त्यासाठी मोरीला असतो तसा पाण्याचा सापळा. आमच्या प्लँटवर निम्म्या तक्रारी ड्रेन तुंबल्याच्या असायच्या. एकदा तर रात्रपाळीत एका चेंबरचा ड्रेन चोंदला आणि सकाळपर्यंत सफरचंदाच्या खालच्या दोन रांगा खराब झाल्या. त्या रात्री पाळी माझी होती. अजून ती रांग डोळ्यांपुढून जात नाही.

थर्मामीटरला सुतळी बांधून जाळीतून जमेल तेवढा आत सोडला. दहा मिनिटांनी बाहेर काढला. वहीत लिहिलं: दुपारी १२.२०, बाहेर १९, आत १३, सही. रिकामं, दाराला नुसती जाळी, आत बर्फाचा कण नाही, आणि तरी सहा अंशांचा फरक.

ही बर्फघरं भरायची कशी, तेही सांगतो. कडाक्याच्या थंडीत आवारातलं तळं गोठलं की माळी, गडी, शेतावरची माणसं सगळी तिकडे लागायची. हातोड्यांनी बर्फ फोडायचा, आकड्यांनी काठावर ओढायचा, गाड्यांत भरून आणायचा. मग खड्ड्यात टाकून कुटायचा. अक्षरशः कुटायचा, म्हणजे मधल्या फटी बुजून एकच गोळा होईल. भिंतीच्या बाजूने पेंढा. हे काम गोठलेल्या तळ्यात पाय घालून करायचं. उणे वीसच्या चेंबरमध्ये मी फरचा कोट आणि हातमोजे घालून पंधरा मिनिटं काम करायचो आणि बाहेर येऊन चहा घ्यायचो. त्यांच्या अंगावर काय असेल?

तळ्याचा बर्फ म्हणजे त्यात पानं, शेवाळ, चिखल. तो पेयात घालायचा नाही, पेयाच्या बाहेर ठेवायचा. दारू गार करायला, मासळी टिकवायला, आणि आइस्क्रीमला. भांड्यात साय, भांड्याभोवती बर्फ आणि मीठ. आपल्या लाकडी पॉटमध्ये खडेमीठ टाकून हात भरून येईपर्यंत दांडा फिरवतो, तीच युक्ती.

परत आलो तर ही दुग्धालयात रमलेली. हिचं माहेर सांगलीकडचं, घरी सहा म्हशी. हॅमच्या दुग्धालयात संगमरवराच्या लाद्यांचे ओटे आहेत, दूध-साय गार राहावी म्हणून, आणि त्या ओट्यांना खाली पाय आहेत ते ओतीव लोखंडाचे, गाईच्या पायांच्या आकाराचे. खुरांसकट. भिंतीवर वेलीच्या नक्षीच्या फरशा. ही एकेका पायाजवळ वाकून बघत होती. "दूध हाताळणाऱ्या बाईला रोज हे बघून बरं वाटत असेल," म्हणाली. मला ते पटलं. कामाच्या जागेला कुणीतरी असं सजवावं, हे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

तिसरा दिवस : पेन्सहिल

आज बर्फ नाही. आज हौस. सरे परगण्यात कॉबमजवळ चार्ल्स हॅमिल्टन नावाच्या उमरावाने १७३८ पासून १७७३ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, एक बाग रचली. घर दुय्यम, बाग मुख्य. एका वळणदार तळ्याभोवती चालायचं आणि प्रत्येक वळणावर काहीतरी समोर यायचं: गॉथिक देऊळ, पडका मठ, तुर्की तंबू, रोमन समाधीची कमान, टेकाडावर बुरूज. अशा बांधकामांना इंग्रजीत 'फॉली' म्हणतात, म्हणजे खुळेपणा. मला तो शब्द जरा कठोर वाटतो. आपल्याकडे 'हौस' म्हणतात तेच बरोबर आहे, कारण हौसेला मोल नसतं हे आपण धरूनच चालतो.

यातलं बरंचसं दिसतं तसं नाही. गॉथिक देऊळ दगडाचं वाटतं, हात लावला तर लाकूड. पडका मठ पडका म्हणूनच बांधला, १७७२ च्या सुमारास, विटांवर दगडासारखा गिलावा करून. त्या जागी आधी हॅमिल्टनची विटा-कौलांची भट्टी होती, ती चालली नाही. बुडालेल्या धंद्याच्या जागेवर त्याने मठाचे अवशेष उभे केले आणि त्याचं प्रतिबिंब तळ्यात पाडलं.

ते तळंही साधं नाही. शेजारून मोल नदी वाहते, पण ती खाली आणि तळं वर. नदीचं पाणी चाकाने उचलून तळ्यात सोडलं. लोखंडाचं थोरलं पाणचक्र अजून फिरतं. त्याच्या आवाजाजवळ मी अर्धा तास बसलो. सगळ्या देखाव्यामागे कुठेतरी एक यंत्र असतंच.

टेकडीवरच्या रानात संन्याशाची झोपडी आहे. हॅमिल्टनला बागेत एक जिवंत संन्यासी हवा होता. अट अशी सांगतात की सात वर्षं राहायचं, दाढी-नखं कापायची नाहीत, कुणाशी बोलायचं नाही. मुदत भरली की ७०० पौंड. नेमलेला माणूस तीन आठवड्यांत गावच्या गुत्त्यात सापडला आणि त्याची नोकरी गेली. लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला त्या माणसाचं दुःख वाटलं. ज्याने रात्रपाळीत एकट्याने बारा तास काढलेत त्याला विचारा. थंडी सोसते, जागरण सोसतं. दुसऱ्या माणसाचा आवाज नसणं सोसत नाही. मी रात्री दोनला गेटवरच्या वॉचमनशी दोन शब्द बोलायला मुद्दाम जायचो.

आणि मग स्फटिकांची गुहा. बेटावर, पाण्याच्या काठाला. बाहेरून खडबडीत दगड. आत शिरलो आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. छतापासून भिंतींपर्यंत सगळं पांढरं, चमकणारं. वरून सुळके लोंबतायत. तळ्यावरचं ऊन फटींतून येतं आणि त्या सुळक्यांवर हलतं. जोसेफ लेन या कारागिराची ही करणी. विटांचा आणि लाकडाचा सांगाडा, लाकडी शंकू, आणि त्यावर हाताने एकेक चिकटवलेले जिप्सम, कॅल्साइट, क्वार्ट्झ, फ्लोराइटचे तुकडे. विसाव्या शतकात ही गुहा कोसळली होती. उरलेल्या तुकड्यांवरून, अंदाज बांधत, तिच्या मुख्य दालनाचा हा जीर्णोद्धार २०१३ मध्ये पुरा झाला.

डिफ्रॉस्ट करायच्या आधी कॉइलवर जो हिमाचा थर जमतो ना, टॉर्च मारली की लखलखणारा, तो मी हजारो वेळा पाहिला आणि दर वेळी गरम पाणी मारून उतरवला. तेच काम होतं. इथे कुणीतरी तो हिम कायमचा राहावा म्हणून आयुष्य घातलं होतं. ही म्हणाली, "चला, बाकीचे लोक थांबलेत." मी बाहेर आलो आणि पुन्हा रांगेत लागून दुसऱ्यांदा आत गेलो.

हॅमिल्टनला कर्जापायी १७७३ मध्ये हे सगळं विकावं लागलं. पुढे १७८६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, जे दोघेही नंतर अमेरिकेचे अध्यक्ष झाले, ही बाग बघायला आले होते. नंतर रान माजलं. १९८० मध्ये तिथल्या नगरपरिषदेने १५८ एकर जागा घेतली, पुढच्या वर्षी न्यास झाला, आणि झुडपांखालून एकेक वास्तू वर काढली.

चौथा दिवस : सीझिनकोट

भाचीने गाडी काढली. कॉट्सवोल्ड्समध्ये मोरटन-इन-मार्शजवळ एक खासगी इस्टेट ठरलेल्या दिवशी लोकांना बघू देतात. दुपारी पोचलो. मधाच्या रंगाच्या दगडाची गावं, मेंढ्या, हिरव्या टेकड्या, आणि एकदम झाडांतून तांब्याचा हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट! खाली छज्जे, कोपऱ्यांवर छत्र्या. ग्लॉस्टरशरमध्ये मोगली महाल.

ईस्ट इंडिया कंपनीत बंगालमध्ये पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलने हे घर करवलं. आराखडा त्याचा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेलचा, १८०५ च्या सुमाराचा. बागेतल्या हिंदू वास्तू मात्र टॉमस डॅनियलने काढल्या, आणि इथे आमचा जीव गुंतला. हा चित्रकार आपल्या पुतण्याबरोबर वर्षानुवर्षं हिंदुस्थानभर फिरला आणि १७९३ मध्ये मुंबईकडेही आला होता. आपल्या कान्हेरी-घारापुरीची लेणी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. वेरूळची चित्रं जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराने काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला, तेव्हा डॅनियलने ती १८०३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पुण्यात पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट याने १७९० मध्ये केलेल्या तहाचं मोठं चित्र, तेही वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलनेच १८०५ मध्ये पुरं केलं. म्हणजे एका हाताने पेशव्यांचा दरबार रंगवत असताना हा माणूस दुसऱ्या हाताने इंग्लंडातल्या ओढ्यावर पूल काढत होता.

तो पूल बघितला. कठड्यावर नंदी बसलेत. नंदी म्हटला की महादेवाकडे तोंड करून, गाभाऱ्यासमोर. तो असा पुलावर, आकाश आणि बीचची झाडं मागे घेऊन बसलेला बघून ही थबकली. मग पुलाखाली गेलो. ओढ्यातून पाय ठेवायला दगड टाकलेत. वर पूल तोलणारे जाड खांब. मी मान वर केली आणि ओळख पटली. घारापुरीचे खांब! तो फुगीर, उशीसारखा दबलेला माथा, तसाच. शाळेची सहल गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेली होती, तेव्हा अशाच एका खांबाला टेकून मी डबा खाल्ला होता. पोळी आणि गुळांबा. पन्नास वर्षांनी तोच खांब कॉट्सवोल्ड्समधल्या ओढ्यात, पायाशी थंडगार पाणी.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कुंड आणि त्यामागे देवळी. आत सूर्यमूर्ती. ही चपला काढून उभी राहिली आणि हात जोडले. शेजारच्या इंग्रज बाई जरा बाजूला सरकून शांत उभ्या राहिल्या. डॅनियलने ही मूर्ती शोभेसाठीच बसवली असेल. पण हात जोडणारी बाई आली म्हणजे ते देऊळच झालं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. ओढ्याच्या खालच्या बाजूला झाडाच्या सुक्या खोडाला वेढे घातलेला तीन फण्यांचा नाग आहे, त्याच्या तोंडातून पाणी उडतं. नागपंचमी तिथे कुणाला माहीत नसणार, पण जागा ओलसर, दाट, नागाला शोभणारी निवडलीय.

असंच एक हिंदू देऊळ डॅनियलने त्याच काळात, १८०० मध्ये, हॅम्पशरमधल्या मेल्चेट पार्कसाठी काढलं होतं. वॉरन हेस्टिंग्जच्या सन्मानार्थ. ते आता राहिलेलं नाही. परक्या मुलखात नेलेल्या देवळांपैकी कुठलं टिकेल हे कोण सांगणार.

रात्री मोरटनला मुक्काम. खोली लहान, पण खिडकीतून चर्चचा मनोरा. भाचीने पोहे केले होते डब्यात, ते संपवले.

पाचवा दिवस : क्रूम

सगळ्यात जास्त वाट याची पाहिली होती. वूस्टरजवळ क्रूम कोर्ट. दुसऱ्या महायुद्धात इथे डेफर्डचा विमानतळ होता. त्या वेळच्या दवाखान्याच्या बराकींमधूनच आज आत जातात, चहाही तिथेच मिळतो. पुढे टेकडीवरचं चर्च, आणि चर्चच्या दारातून एकदम सगळा पसारा खाली उलगडतो: गवत, पाणी, घर, लांबवर मालव्हर्नच्या टेकड्या.

१७५१ मध्ये लॅन्सलॉट ब्राउनला हे काम मिळालं तेव्हा ही पाणथळ दलदल होती. इथल्या उमरावाने, सहाव्या अर्ल ऑफ कॉव्हेंट्रीने, त्याच्यावर विश्वास टाकला, आणि 'केपेबिलिटी' म्हणून नाव झालेल्या या माळ्याची ही पहिली मोठी स्वतंत्र कामगिरी. जमिनीखाली पाट काढून पाणी एकत्र केलं, आणि जे नदीसारखं दिसतं ते हातांनी खोदलं, पावणेदोन मैल. तळ्याकाठी ब्राउनचं स्मारक आहे. त्याने दलदलीतून ही बाग घडवली अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. खोदणाऱ्यांची नावं कुठे नाहीत. घराजवळचं जुनं चर्च आणि गाव हटवून दृश्य मोकळं केलं, हेही खरं. टेकडीवरचं हे देखणं चर्च म्हणजे त्या पाडलेल्या चर्चची बदली, १७६३ मध्ये पुरी झालेली.

इथल्या हौसेच्या वास्तू लांबलांब विखुरल्यात. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराचं देवळासारखं हरितगृह, ब्राउनचा गोल मंडप, क्षितिजावर डन्स्टल आणि पर्टन हे नुसते भिंतींचे किल्ले. वायट या दुसऱ्या वास्तुकाराचा मनोरा तर आता मोटरवेच्या पलीकडे राहिलाय, १९६० च्या दशकात रस्ता मधूनच गेला.

घरात एका खोलीने दोघांना अवाक केलं. जेवणघराच्या छताची आणि भिंतींची नाजूक चुन्याची नक्षी भडक रंगांत रंगवलेली! १९७९ ते १९८४ हे घर हरे कृष्ण भक्तांकडे होतं, त्यांची ही रंगरंगोटी. गुलाबी, निळा, सोनेरी. काहींना ते खटकतं. हिला थेट पंढरपूरच्या यात्रेतली सजावट आठवली. ते रंग खरवडून न काढता तसेच ठेवलेत, आणि मला वाटतं ठेवणाऱ्यांनी बरोबर केलं. तेही या घराचे राहिवासी होते.

मग बर्फघर. झाडीतून वाट जाते. वर गवताने शाकारलेलं निमुळतं छप्पर, आमच्या कोकणातल्या एखाद्या गोठ्यावर असतं तसं पण जास्त उंच आणि नेटकं. खाली विटा, खड्डा, आणि गार काळोख. हॅमला मातीचं पांघरूण होतं, इथे गवताचं. पेंढा म्हणजे अडकवून ठेवलेली हवा, आणि हलू न देता अडकवलेली हवा हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी इन्सुलेशन. आम्ही ग्लासवूल वापरलं, नंतर थर्मोकोल, नंतर पफ पॅनेल, म्हणजे पत्र्यांमध्ये फोम भरलेले तक्ते. युक्ती तीच.

एकाच आवारात त्या अर्लने परदेशी झाडांसाठी ऊब साठवायचं घर बांधलं आणि उन्हाळ्यासाठी थंडी साठवायचं घर बांधलं. पहिल्याला खांब, पुतळे, दर्शनी कमानी. ते दिसावं म्हणून. दुसरं झाडीत, दिसू नये म्हणून. गेले पाच दिवस मी दोन्ही बघत होतो आणि देवळांनी मला भरभरून आनंद दिला, ते नाकारणार नाही. पण पाय ओढत होते ते इकडेच. थंडीत काकडून ज्यांनी हे भरलं, आणि जुलैत ज्या कुणी पहाटे उठून, पहिलं दार लावून मग दुसरं उघडून, टोपलीभर बर्फ वर नेला, त्यांच्या हाताखाली मी नोकरी केल्यासारखं वाटत होतं.

तिथे एक वयस्कर स्वयंसेवक गृहस्थ होते. मी भाचीकरवी विचारलं, पाण्याची वाट कुठून काढलीय. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या लोकांमध्ये ड्रेनचं विचारणारा बहुधा कुणी भेटत नसावा. मग त्यांनी उताराकडे हात केला, आणि आम्ही दोघं, एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी कळत असताना, हातांनी खड्डा, सापळा, उतार असं सगळं हवेत काढून दाखवत पंधरा मिनिटं बोललो. मी माझ्या प्लँटचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो मोठा करून अँटीरूमचं दार बरोबर ओळखलं.

जाताना त्यांनी मला दाराशी थोडा वेळ एकट्याला थांबू दिलं. सुतळी सोडली. वर गवतात कुठलासा पक्षी घरटं करत होता. दहा मिनिटांनी थर्मामीटर ओढून घेतला, चष्मा पुसला, आणि वहीत शेवटची नोंद केली.

दुपारी ३.४०. बाहेर २३. आत ११. सही.